नवव्या इनिंगचे कोरे चौकोन

प्रश्न : मी ६९ वर्षांची आहे. लग्न होऊन १९८१ साली डेट्रॉइटजवळच्या लिव्होनियाला गेले. यजमान मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होते. १९८४च्या उन्हाळ्यात शेजारच्या आजींनी आम्हाला पहिल्यांदा टायगर स्टेडियमला, म्हणजे तिथल्या बेसबॉल संघाच्या मैदानावर नेलं. बेसबॉलचा स्कोअर वहीत कसा मांडायचा, तेही त्यांनीच शिकवलं. मग १९९९पर्यंत एकही उन्हाळा चुकला नाही. लेक त्या मैदानावरच मोठी झाली. २००४ साली आम्ही पुण्याला परतलो. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले.

आता आमची कोथरूडची सोसायटी रीडेव्हलपमेंटला जातेय, महिन्याभरात घर रिकामं करायचंय. त्या घराचं मला काहीच वाटत नाही. पण माळ्यावरून स्कोअरच्या वह्यांचं खोकं खाली काढलं आणि मला रडू आवरेना. दीर म्हणाले, "तिकडची माती, तिकडचा खेळ. रद्दीत घाला." लेक अजून मिशिगनलाच असते, जूनमध्ये मला बोलावतेय. ती जुनी जागा बघायचीय म्हटलं की म्हणते, "आई, तिथे आता काही नाही. आपण नवीन स्टेडियमला जाऊ." माझं काही चुकतंय का? जाऊ की नको? आणि वह्यांचं काय करू? त्या स्टेडियमवरच्या शेवटच्या सामन्याच्या पानावर नववी, म्हणजे शेवटची इनिंग कोरीच राहिली आहे.

उत्तर :

ताई,

वह्या रद्दीत जाणार नाहीत. आधी एवढं ठरवून टाका, मग बाकीचं बोलू.

तुमचं मूळ पत्र नऊ पानांचं आहे, इथे जागेअभावी थोडक्यात घेतलंय. त्या नऊ पानांत कोथरूडच्या घराबद्दल दोनच ओळी आहेत, आणि त्यातली एक अशी : यजमानांची शेवटची चार वर्षं तिथल्या मागच्या खोलीत, पलंगावर गेली. मग त्या भिंती पडणार म्हणून तुम्हाला रडू येत नाही, यात अपराधी वाटण्यासारखं काय आहे? तुम्ही त्या घराची सेवा केलीत, त्या माणसाची केलीत. रडून दाखवण्याचं देणं वेगळं उरत नाही. मैदानावर मात्र ते तिशीतले होते, उन्हानं लाल झालेले, आणि तुमच्या वहीत डोकावून "हा सहा-चार-तीन लिहिलास ना?" असं विचारणारे.

ज्या वाचकांना हे कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. बेसबॉलच्या वहीत प्रत्येक जागेला आकडा असतो. शॉर्टस्टॉप सहा, सेकंड बेस चार, फर्स्ट बेस तीन. चेंडू शॉर्टस्टॉपनं उचलून सेकंड बेसकडे दिला, तिथून तो फर्स्ट बेसला गेला आणि दोघं बाद झाले, की ६-४-३. डेट्रॉइट टायगर्सकडे त्या सहाच्या जागी अ‍ॅलन ट्रॅमल आणि चारच्या जागी लू व्हिटेकर. १९७७च्या सप्टेंबरात दोघं एकाच दिवशी पहिल्यांदा संघात उतरले आणि १९९५पर्यंत एकमेकांच्या शेजारी खेळत राहिले. तुमच्या वह्यांत त्या जोडीचे किती ६-४-३ असतील! मला वाटतं, तुमचं खरं दुखणं इथे आहे. 'ट्रॅमल' म्हटल्यावर 'व्हिटेकर' म्हणणारं माणूस घरात उरलं नाही. कोथरूडमध्ये ही नावं कुणाजवळ काढणार?

आणखी एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण माझ्या मनात तीच घर करून बसली आहे. तुमचं इंग्रजी पुस्तकातलं होतं. ते कानाला लागलं आणि तोंडात बसलं, ते स्वयंपाक करताना लावून ठेवलेल्या डब्ल्यूजेआर रेडिओमुळे, टायगर्सच्या सामन्यांचं समालोचन करणाऱ्या अर्नी हारवेल यांच्या आवाजामुळे. फाउल, म्हणजे हद्दीबाहेर गेलेला चेंडू प्रेक्षकांत कुणी पकडला, की हारवेल बेधडक सांगायचे, तो इप्सिलांटीच्या माणसानं पकडला. कधी दुसऱ्याच गावाचं नाव. गाव त्यांच्या मनातलं असायचं. आणि तुमचे यजमान म्हणायचे, "बघ, एक दिवस हा वाईच्या माणसानं पकडला म्हणून सांगेल." ताई, परक्या देशात नव्यानं आलेल्या दोघांना कुणाच्या तरी तोंडून आपल्या गावाचं नाव यावंसं वाटतं, आणि ते येईल असा विश्वास ज्या आवाजाकडे बघून वाटतो, तो आवाज परका कसा? हारवेल २०१०च्या मे महिन्यात गेले तेव्हा त्यांचं पार्थिव कोमेरिका पार्कमध्ये, टायगर्सच्या नव्या स्टेडियममध्ये ठेवलं होतं आणि हजारो माणसं रांग लावून दर्शन घेऊन गेली. तुम्ही त्या दिवशी पुण्यात होतात, एवढाच फरक.

दिरांच्या 'तिकडच्या माती'बद्दल. २७ सप्टेंबर १९९९ला, टायगर स्टेडियमवरच्या शेवटच्या सामन्याला, तुम्ही तिघं तिथे होता, म्हणजे टायगर्सच्या मार्क फिड्रिचला तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. १९७६ साली, एकवीस वर्षांचा असताना, हा पोरगा गुडघ्यावर बसून चेंडू टाकायच्या उंचवट्याची माती हातानं सारखी करायचा. त्या एका मोसमात त्यानं एकोणीस सामने जिंकले, पुढे दुखापतींनी त्याची कारकीर्द खाल्ली. शेवटच्या सामन्यानंतर जुने खेळाडू गणवेश घालून मैदानात आले तेव्हा तो धावत त्याच उंचवट्यावर गेला आणि तिथली माती पिशवीत भरू लागला. हजारो लोक बघत होते. दिरांना हे सांगा. ऐकून ते काय म्हणतात याची वाट बघू नका.

आता, जावं का? जावं. पण काय दिसणार आहे ते आधीच मनाशी धरून जा.

मिशिगन आणि ट्रंबुल या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर २० एप्रिल १९१२ला ते मैदान उघडलं, २००८-०९मध्ये पाडलं. तुमची वरच्या मजल्यावरची बाकं गेली, नजरेच्या आड येणारे ते खांब गेले, खालच्या मजल्याच्या पुढे झुकलेला उजवीकडचा सज्जा गेला. ते वाचवण्यासाठी लोकांनी कमी धडपड केली नाही. १९८८ साली वाढदिवसाच्या दिवशी माणसांनी हात धरून अख्ख्या स्टेडियमला मिठी घातली होती. इमारत तरीही वाचली नाही. पण पुढचं तुम्हाला ठाऊक नसावं, कारण तुम्ही तोवर परतला होता. पाडापाडी झाल्यावर तिथे कमरेएवढं रान माजलं. २०१०पासून आसपासची साधी माणसं स्वतःची गवत कापायची यंत्रं घेऊन येऊ लागली. परवानगी नव्हती, हाकलूनही दिलं गेलं, तरी यायची. कचरा उचलला, बेसच्या जागा पुन्हा आखल्या. लोक तिथे मुलांबरोबर चेंडू फेकायला येऊ लागले, लग्नंही लागली. काहींनी आपल्या माणसांची राख तिथे आणून सोडली.

२०१८मध्ये तिथे मुलांसाठी नवं मैदान झालं. खाली खरं गवत नाही, कृत्रिम हिरवळ आहे, आणि ती बघून तुमच्या पोटात खड्डा पडेल. मलाही वाचताना वाईट वाटलं. पण होम प्लेट, म्हणजे बॅट घेऊन उभं राहायची जागा, पूर्वीच्याच ठिकाणी आहे. आणि तो झेंड्याचा खांब, १२५ फुटांचा, जो सेंटर फील्डमध्ये, होम प्लेटच्या समोर दूरवर, चक्क खेळाच्या हद्दीतच उभा असायचा, तो अजून उभा आहे. त्यावरून तुम्हाला तुमची जागा मोजता येईल.

माझ्या आजोळचा साताऱ्याचा वाडा पाडला तेव्हा "आता काय बघायचंय" म्हणून मी गेले नाही. अजून स्वप्नात त्याचा जिना येतो आणि मधेच संपतो. म्हणून इतक्या ठामपणे सांगतेय.

एक करा. कोपऱ्यावर आधी जा, कोमेरिकाला दुसऱ्या दिवशी. एका दिवसात दोन्ही नकोत, नाहीतर दिवसभर तुलनाच होईल. दुपारी उशिरा जा, पोरं खेळत असतील तर उत्तम. वह्या सगळ्या नेऊ नका, खोकं इथेच विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. बॅगेत दोनच घाला, १९८४ची आणि १९९९ची.

आणि लेकीबद्दल थोडं. तिचं "तिथे आता काही नाही" हे वाक्य तुम्हाला कोरडं वाटलं, तसं पत्रात जाणवतं. मी ते तीनदा वाचलं. ताई, ती मिशिगनमध्ये राहते. त्या कोपऱ्यावरून तिला कधीही जाता आलं असतं. तुम्हीच लिहिलंय की ती एकदाही गेली नाही. शेवटच्या सामन्याला ती तेरा वर्षांची होती आणि दिवे मालवले तेव्हा बाबांचा हात धरून उभी होती. ते गेले तेव्हा ती पोचू शकली नव्हती. तिथे काही नाही म्हणून ती टाळत नसेल. तिथे बाबा आहेत म्हणून टाळत असेल. तुम्ही दोघी दोन वर्षं एकमेकींना जपता जपता त्यांच्याबद्दल बोलायच्याच राहिलात.

म्हणून "मला ने" असं म्हणू नका. "माझ्याबरोबर येशील?" असं विचारा. नाही म्हणाली तर दोन दिवस जाऊ द्या आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर १९९९ची वही उघडी ठेवा, शेवटच्या पानावर. आठव्या इनिंगमध्ये टायगर्सच्या रॉबर्ट फिकनं तिन्ही बेस भरलेले असताना मारलेला चेंडू उजवीकडच्या छपरावर आदळला, तो चौकोन तुम्ही भरलाय. ८-२. त्याच्यापुढे सगळं कोरं. तुम्ही लिहिलंत की डोळ्यांत पाणी आल्यामुळे चौकोन दिसेनात.

शेवटचा बाद झालेला खेळाडू समोरच्या संघाचा कार्लोस बेल्ट्रान होता, टायगर्सच्या टॉड जोन्सनं चेंडू टाकून त्याला स्ट्राइक आउट केलं, आणि वहीत त्याची खूण 'के'. बॅट फिरवून बाद झाला तर सरळ 'के' लिहायचा, नुसता बघत उभा राहिला तर उलटा. तुम्हाला दिसलं नव्हतं. लेकीला विचारा, सरळ लिहू की उलटा. आणि पेन तिच्या हातात द्या.