नावात फिव्हर, अंग मात्र गार

प्रश्न : ताई, मी बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली, व्हेटर्नरीच्या दुसऱ्या वर्षाला. घरचे म्हणतात पोरीच्या जातीला गुरांचा डॉक्टर कशाला, आणि आता मलापण वाटायलंय हे झेपतंय का. तुमचं असं झालेलं?

उत्तर : झालेलं की! पहिल्यांदा खांद्यापर्यंत ग्लोव्ह चढवून गाईच्या आत हात घातला तर नुसतं गरम नि मऊ, गर्भाशय कुठलं नि काय कुठलं, सर विचारतायत आणि मी गप्प. बऱ्याच गाई झाल्यावर बोटांना दिसायला लागतं बघ. साडेपाच वर्षांतलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं, खरी शिकले तिथंच. निपाणीकडं एक नुकतीच व्यालेली म्हैस मान कुशीकडं वळवून बसलेली, मिल्क फिव्हर, म्हणजे व्याल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं तो आजार (नावातच फिव्हर, अंग उलट गार), मी घाईत शिरेतून कॅल्शियम भराभर सोडायला गेले तर सिनिअरनी हात धरला, अगं हार्ट बंद पडेल. मग पंधरा-वीस मिनिटं बाटली धरून उभी, कानात स्टेथो. उठली म्हैस.

आणि कन्नड शीक गं, गोठ्यातलं. ‘मेवु तिन्नवल्दु’ म्हणजे चारा खात नाही, एवढं तरी पाहिजेच.

घरच्यांचं काय, आमच्या आज्जीनं शेजारणीची शेळी दाखवायला आणली त्या दिवशी वाद मिटला.