प्रमुख हवाच कशाला?

प्रश्न : गच्चीवरील बागकामाच्या आमच्या व्हॉट्सॲप समूहात आता 700 सदस्य आहेत. ज्या बाईंनी तो सुरू केला, त्यांना जबाबदारीतून मोकळे व्हायचे आहे. नवा प्रमुख नेमावा असे काहींना वाटते, तर सगळे समंजस असताना प्रमुख हवाच कशाला, असा इतरांचा सवाल आहे. आपले मत काय?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कोणत्या कुंडीत काय लावावे, मावा पडला तर काय फवारावे, हे सांगायला प्रमुख लागत नाही; ते सदस्य आपणहून सांगतात. घोडे अडते ते निराळ्याच ठिकाणी. रोपवाटिकांच्या जाहिराती चालू द्यायच्या का, सतत कुरापत काढणाऱ्याला बाहेर काढायचे का, अशा प्रश्नांत शेवटचा शब्द कोणाचा हे ठरलेले नसेल, तर ज्याच्याकडे वेळ भरपूर आणि ज्याचा आवाज मोठा त्याचेच चालते. प्रमुख तेव्हाही असतोच, फक्त त्याला जाब विचारायची सोय नसते. म्हणून माझे मत प्रमुख असावा असेच आहे, मात्र तो मुदतीचा असावा.

पायथन ही संगणकभाषा घडवणाऱ्या समुदायात नेमका हाच पेच उभा राहिला होता. भाषेचे जनक गीदो व्हान रॉसम यांना तिथे थट्टेने ‘तहहयात परोपकारी हुकूमशहा’ म्हणत, पण भाषेतील बदलांवर अखेरचा होकार खरोखरच त्यांचा असे. 2018 मध्ये ‘:=’ या एवढ्याशा चिन्हाचा भाषेत समावेश करण्यावरून वाद इतका विकोपाला गेला की, प्रस्ताव मंजूर केल्यावर त्यांनी जुलैमध्ये पदच सोडले. वारस न नेमता, पुढचा कारभार कसा चालवायचा हे त्यांनी सहकाऱ्यांवरच सोपवले. त्या सहकाऱ्यांनी निरनिराळ्या पर्यायांवर मतदान घेऊन पाच जणांचे निर्वाचित मंडळ पसंत केले आणि एकाच कंपनीतले दोघांहून अधिक जण त्यात नसावेत, अशी अटही घातली. 2019 च्या पहिल्या मंडळात रॉसम निवडून आले, पण पाचांपैकी एक म्हणून. एकाच्या शब्दावर कामे मार्गी लागत होती हे खरे, परंतु त्या शब्दाबद्दलचा राग सोसायलाही तो एकटाच होता. (तुमच्या बाई कशाने थकल्या, हे त्यांना एकदा विचारून पाहावे.)

डेबियन या मुक्त संगणकप्रणालीच्या समुदायात तर प्रमुखाची निवडणूक दरवर्षी होते, मतपत्रिकेवर ‘यांपैकी कोणीही नको’ हा पर्यायही असतो आणि प्रमुखाचा निर्णय सदस्य मतदानाने फिरवू शकतात.

तुमच्या समूहाला एवढा पसारा नको. तीन ॲडमिन एका वर्षासाठी निवडावेत, कोणाला काढायचे झाल्यास तिघांपैकी दोघांची संमती आवश्यक मानावी आणि नियम समूहाच्या माहितीत लिहून ठेवावेत. कोर्टकचेरीच्या भीतीने कोणी पुढे येत नसेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा 2021 चा निकाल दाखवावा : समान हेतू किंवा पूर्वनियोजित संगनमत असल्याखेरीज, सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही.

हे सारे बाई बाहेर पडण्याआधी उरकावे. त्या एकट्याच ॲडमिन असतील आणि दुसरा न नेमता समूह सोडून गेल्या, तर व्हॉट्सॲप आपल्या मनाने एखाद्या सदस्याला ॲडमिन करून टाकते, मग त्याची इच्छा असो वा नसो.