पाण्याचं संशोधन आणि विद्यापीठातली खुर्ची, दोन्ही एकत्र जमतं का?

तुमचा प्रश्न असा आहे : ‘मी पर्यावरण अभियांत्रिकीत पीएचडी करतोय, विषय पाणी. माझे गाइड नुकतेच अधिष्ठाता झाले आणि त्यांचं प्रयोगशाळेत येणंच थांबलं. पाण्यावर काम करणारी माणसं शेवटी खुर्चीतच जाऊन बसणार असतील, तर त्या कामाचा उपयोग काय? आणि खुर्चीत बसल्यावर संशोधन उरतं का?’

मी दोन्हीकडे राहिले आहे. वीसेक वर्षं प्रयोगशाळा, मग विभागप्रमुख, मग अधिष्ठाता, आणि आता पुन्हा वर्गात. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं : उरतं, पण आपण राखलं तरच. पहिल्या प्रश्नाला वेळ लागेल, कारण खुर्चीत बसल्यावर मला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली गोष्ट पाण्याचा नमुना कसा घ्यायचा ही होती.

अधिष्ठाता झाल्यावर पहिल्याच वर्षी पिण्याच्या पाण्याच्या तपासणीचा अहवाल माझ्याकडे सहीला आला. सगळ्या इमारती, सगळे नळ, सगळे आकडे मर्यादेत. शिशाच्या रकान्यात तर वरपासून खालपर्यंत ‘आढळलं नाही’. ज्याने वर्षानुवर्षं पाण्याचे आकडे वाचलेत, त्याला इतका गुळगुळीत तक्ता बघून चैन पडत नाही. मी नमुने घेणाऱ्या तंत्रज्ञांना बोलावलं आणि विचारलं, बाटली भरता कशी? ते सरळपणे म्हणाले, “मॅडम, आधी पाच मिनिटं नळ सोडून ठेवतो. पहिलं पाणी लालसर येतं ना, ते जाऊ देतो.”

म्हणजे जे मोजायचं होतं, तेच मोरीतून वाहून जात होतं. पिण्याच्या पाण्यातलं शिसं बहुतेक वेळा नदीतून किंवा धरणातून येत नाही. ते जुन्या नळ्या, त्यांच्या जोडांवरची झाळ, पितळी तोट्या यांतून येतं, आणि पाणी रात्रभर नळीत उभं राहिलं की त्यात उतरतं. म्हणून शिशासाठी नमुना घ्यायचा तर पाणी किमान ६ तास न वापरता राहू द्यायचं आणि नळ उघडल्यावर येणारं पहिलं १ लिटर बाटलीत धरायचं. अमेरिकेतल्या १९९१च्या शिसे व तांबे नियमात हीच पद्धत आहे, आणि तिथे कारवाई सुरू करण्याची पातळी लिटरला १५ मायक्रोग्रॅम ठेवली होती. त्या तंत्रज्ञांना मात्र मी दोष देणार नाही. जंतूंच्या तपासणीसाठी नळ सोडून ठेवणं बरोबरच असतं, आणि त्यांना तेवढंच शिकवलं गेलं होतं. एकाच बाटलीतून दोन्ही तपासण्या उरकायचं वरच्या कोणीतरी ठरवलं, चूक तिथे झाली.

सोमवारी पहाटे इमारत उघडायच्या आधी ते तंत्रज्ञ आणि मी, आम्ही दोघं गेलो. सुट्टीच्या दिवसांत पाणी उभंच होतं. रुंद तोंडाची बाटली, आम्लाने धुतलेली. नळाची जाळी काढायची नाही, कारण शिशाचे कण तिथेच अडकतात. नळ रोजच्यासारखाच उघडायचा, बारीक धार सोडून चांगला आकडा मिळवायचा नाही. त्यांनी बाटली धरली, मी वेळ आणि नळाचा क्रमांक लिहिला. निकाल आले तेव्हा तीन नळ १५ च्या वर होते. पितळी तोट्या बदलल्या, पुन्हा नमुने घेतले. आधीच्या अहवालापेक्षा दिसायला कितीतरी वाईट असलेल्या त्या अहवालावर मी मनापासून सही केली.

त्या सकाळनंतर माझ्या टेबलावर येणारा प्रत्येक कागद मी वेगळ्या नजरेने वाचायला लागले. पदावरच्या माणसापर्यंत जे पोचतं, ते नळ पाच मिनिटं सोडून ठेवून घेतलेलं पाणी असतं. त्यात दरवेळी कोणी लबाडी केलेली असते असं नाही. खालचा माणूस लालसर पाणी जाऊ देतो, त्याच्या वरचा आणखी थोडं जाऊ देतो, आणि तुमच्याकडे येतं ते निवळशंख. उपकरणांच्या यादीत आमचा आयन क्रोमॅटोग्राफ, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार वेगळे करून मोजणारं यंत्र, ‘कार्यरत’ होता. मी जाऊन पाहिलं तर त्याच्यावर कव्हर, कव्हरवर धूळ, आणि आतला कॉलम, म्हणजे क्षार वेगळे करणारी नळी, कोरडा पडलेला. देखभालीचा करार संपून गेला होता. यादी करणाऱ्याच्या लेखी कार्यरत म्हणजे मोडलेलं नाही, एवढंच. मग मी यादीत एकच रकाना वाढवायला लावला : या यंत्रावर शेवटचा नमुना कोणत्या तारखेला चालवला? त्या एका रकान्याने मला जे कळलं, ते आधीच्या कुठल्याही बैठकीत कळलं नव्हतं.

पाण्याने शिकवलेली दुसरी गोष्ट याहून कठीण आहे, आणि ती मला स्वतः चूक करून समजली. आमच्या विषयाचा इतिहास पाहा. १९७४ मध्ये रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यात काम करणारे रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी दाखवलं की पाण्यातल्या कुजक्या पालापाचोळ्याच्या द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग झाला की क्लोरोफॉर्मसारखी संयुगं तयार होतात. ज्या क्लोरीनने कॉलरा आणि विषमज्वर हटवले, त्याचीच ही दुसरी बाजू. ही संयुगं कमी करण्यासाठी वॉशिंग्टन शहराने नोव्हेंबर २००० मध्ये मुक्त क्लोरीनऐवजी क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, वापरायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. पण शिशाच्या नळ्यांच्या आतल्या बाजूला मुक्त क्लोरीनमुळे शिशाच्या ऑक्साइडचा जो घट्ट थर टिकून होता, तो क्लोरीन गेल्यावर विरघळायला लागला आणि घराघरांतल्या नळांना शिसं आलं. पुढे एप्रिल २०१४ मध्ये अमेरिकेतल्याच फ्लिंट शहराने पाण्याचा स्रोत बदलला, नदीचं जास्त क्षरणकारी, म्हणजे नळ्यांचा धातू खाणारं, पाणी घेतलं आणि नळ्यांचं क्षरण रोखणारं फॉस्फेट घातलंच नाही. तिथल्या अधिकृत सूचनांतही नमुन्याआधी नळ सोडून ठेवायला सांगितलं होतं. २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेकचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांच्या चमूने नागरिकांनाच बाटल्या दिल्या. लोकांनी आपापल्या घरी पहिलं पाणी भरलं आणि खरं चित्र बाहेर आलं.

शुद्धीकरण केंद्रात एक गोष्ट बदलली की तिचा परिणाम कोसभर दूरच्या नळीत, दोन वर्षांनी दिसतो, हे मी वर्गात दरवर्षी शिकवत होते. आणि विभागप्रमुख म्हणून मीच बढतीसाठी दरवर्षीच्या शोधनिबंधांची किमान संख्या ठरवून दिली. उद्देश इतकाच होता की काम न करणाऱ्यांनी काम करावं. संख्या वाढलीही. तीन वर्षांनी लक्षात आलं, की पावसाळा-हिवाळा-उन्हाळा अशी पूर्ण चक्रं मोजणारं नदीवरचं काम आमच्याकडे कोणीच करत नाही. ज्या कामातून दोन वर्षं काहीच छापून येत नाही, ते तरुण प्राध्यापक का घेतील? सगळे प्रयोगशाळेतल्या छोट्या प्रयोगांकडे वळले : कृत्रिम सांडपाणी, एक रंगद्रव्य, ते शोषून घेणारा एक पदार्थ, आणि तीन महिन्यांत निबंध. तो नियम मी नंतर बदलून घेतला, पण मधल्या काळात नदीवरच्या नोंदींत जो खंड पडला तो भरून येणार नाही. नदी मागे जाऊन मोजता येत नाही. याची टोचणी मला आजही आहे.

आता संशोधन उरण्याबद्दल. पाणी गाळणाऱ्या मेम्ब्रेनवर, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यावर, गाळ आणि जिवाणूंचा थर कसा बसतो, हा माझा मूळ विषय. तो मी सोडला. दोन तरुण सहकाऱ्यांकडे यंत्रं, विद्यार्थी, सगळं सोपवलं आणि त्यांच्या निबंधांवर माझं नाव घालू नका म्हणून सांगितलं. हे सोपं नव्हतं, पण अर्धवट धरून ठेवलं असतं तर विद्यार्थ्यांचं नुकसान झालं असतं. स्वतःसाठी एक छोटं काम ठेवलं : एका ओढ्याच्या चार ठिकाणी विरघळलेला ऑक्सिजन आणि बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप), स्वतःच्या हाताने. ऑक्सिजन मोजायला हल्ली पाण्यात बुडवायचा प्रोब असतो, मी मात्र विंकलरचं टायट्रेशन करते, म्हणजे थेंबाथेंबाने रसायन घालून मोजायची जुनी रीत. स्टार्च घातल्यावर आलेला गडद निळा रंग थायोसल्फेटच्या एका थेंबाने नाहीसा होतो, त्या थेंबापाशी हात आपोआप हलका होतो. आठवडाभर बैठकांमध्ये बोलून झाल्यावर मला त्या एका थेंबाची गरज असायची. बीओडीच्या बाटल्या २० अंशांना ५ दिवस ठेवाव्या लागतात, त्यामुळे सोमवारी लावल्या तर शनिवारी आणि मंगळवारी लावल्या तर रविवारी वाचाव्या लागतात. म्हणून माझा वार शुक्रवार, वाचन बुधवारी. कार्यालयातल्या सगळ्यांना पाठ झालं होतं की शुक्रवारी दुपारी आणि बुधवारी सकाळी बैठक लागत नाही. आधी कुरकुर झाली, मग त्याचीच सवय झाली.

मोठ्या पदावर राहून पाण्याचं काम करणारे लोक आहेतच. एबल वोलमन यांनी १९१९ मध्ये लिन एन्सलो यांच्याबरोबर क्लोरीनची मात्रा पाण्याच्या गरजेनुसार ठरवण्याची रीत बसवली, आणि नंतर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विभागाचं नेतृत्व केलं. डोमेनिको ग्रासो हे पर्यावरण अभियंते, २०१८ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डिअरबॉर्न परिसराचे प्रमुख झाले. मला सर्वांत जवळचं वाटतं ते रिटा कोलवेल यांचं उदाहरण. त्या अभियंत्या नाहीत, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आहेत. १९९८ ते २००४ त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या संचालक होत्या, आणि याच काळात, २००३ मध्ये, बांगलादेशातल्या खेड्यांतला त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचे जिवाणू पाण्यातल्या अगदी बारीक प्राण्यांना चिकटून राहतात, हे त्यांना आधीच्या कामातून ठाऊक होतं. मग जुन्या साडीची घडी करून त्यातून पाणी गाळलं तर? घडी चार पदरांहून कमी नको, आणि कापड जुनंच हवं, कारण धुऊन धुऊन त्याचे धागे पिंजतात आणि छिद्रं बारीक होतात. ज्या गावांनी असं गाळलं तिथे कॉलरा ४८ टक्क्यांनी घटला. देशाच्या विज्ञानाचा निधी ज्यांच्या हाती होता, त्यांच्या नावावर साडीच्या घडीचं हे काम आहे. मला ते फार मोलाचं वाटतं.

राहता राहिले तुमचे गाइड. पहिल्या वर्षी अधिष्ठात्याला खरोखर श्वास घ्यायला फुरसत नसते, त्यामुळे रागावू नका, पण वाटही बघत बसू नका. त्यांना लेखी मागा : एक सहमार्गदर्शक, आणि आठवड्यातला एक ठरलेला तास, त्यांच्या कार्यालयात नको, प्रयोगशाळेत. अशी मागणी करणं उद्धटपणाचं नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने ती केली होती, आणि तिने केली नसती तर मला सुचली नसती. त्या तासाला जाताना नीटनेटका आलेख घेऊन जाऊ नका. वही न्या, जिच्यात दोन समांतर नमुन्यांचे आकडे जुळलेले नाहीत ते पान उघडून ठेवा, आणि बाटली कुठे, किती वाजता, कशी भरली ते त्यांना सांगा.