एआयसाठी नवीन फोन घ्यावा का? लातूरच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा फोन तीन वर्षांचा, 6 जीबी रॅमचा आणि नीट चालणारा. दुकानदार 35 हजारांचा 'एआयवाला' घ्या म्हणतोय. शेतीच्या आणि कागदपत्रांच्या कामाला त्याचा उपयोग होईल का, असं विचारलंय.

एआयसाठी म्हणून घेऊ नका. बोलून मराठी टाइप करणं, लेबल वाचणं, जेमिनाय किंवा चॅटजीपीटीला विचारणं ही रोजची कामं बहुतेक कंपनीच्या सर्व्हरवर होतात, त्यामुळे आहे त्या फोनवरही चालतात. नवीन चिपचा फायदा नेटशिवाय फोनमध्येच होणाऱ्या कामांना, जसं कॉल चालू असताना भाषांतर. पण त्या सोयीच्या भाषांत मराठी आहे का, ते दुकानातच उघडून बघा. शेतात रेंज नसते म्हणून गूगल ट्रान्सलेटमध्ये प्रोफाइलच्या फोटोवर दाबून मराठी आणि इंग्रजी आधीच डाउनलोड करून ठेवा.

फवारणीच्या औषधाच्या लेबलावर मात्र जास्त लक्ष द्या. गूगल लेन्स इंग्रजी मजकूर मराठीत चांगला देतं, पण बाटलीच्या गोलाईवर बारीक छपाईतला दशांश चिन्हाचा ठिपका निसटतो आणि 0.5 चे 5 होतात. लेबल सपाट दिसेल असे दोन-तीन फोटो काढा, आकडा स्वतःच्या डोळ्यांनी ताडा. दुसरी गफलत एककाची. लेबलावर मात्रा सहसा हेक्टरी असते, आपण बोलतो एकरी. समजा, 500 मिली हेक्टरी, 500 लिटर पाण्यात असं लिहिलंय. म्हणजे लिटरला 1 मिली, 15 लिटरच्या पंपाला 15 मिली, एकरी साधारण 200 मिली. एआयला नुसतं 'सोयाबीनला किती टाकू' विचारलं तर तो हेक्टरचा आकडा एकराचा म्हणूनही सांगू शकतो. लेबलाचा फोटो द्या, 'फक्त यावर लिहिलंय तेच सांग' म्हणा आणि गुणाकार आपणच करा.

निजामकाळातले उर्दू कागद? एआयकडून छापील मजकुराचा अंदाज येतो. हाताने घाईत लिहिलेल्या उर्दूत नावं आणि सर्वे नंबर चुकतात, आणि चुकलेलं वाक्यही वाचायला सरळच लागतं, त्यामुळे शंका येत नाही. वाटणीच्या किंवा कोर्टाच्या कामाला जाणकाराकडूनच वाचून घ्या.

बोलून टाइप करताना 'करायलो' (करतोय) म्हटलं की 'करायला' उमटू शकतं. पाठवण्याआधी एकदा वाचायचं.

नवीन फोन घेण्याचं खरं कारण वेगळं आहे. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल', मग अँड्रॉइड आवृत्ती, त्यात सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती वर्षाहून जुनी असेल आणि तुम्ही त्याच फोनवरून यूपीआय, बँक वापरत असाल, तर बदला. तारीख ताजी असेल आणि चार्जिंग दुपारपर्यंतच टिकत असेल, तर कंपनीच्या सेवा केंद्रात फक्त बॅटरी बदलून घ्या. मे महिन्यात 42 अंशांत गाडीच्या हँडलला लावलेल्या फोनची बॅटरी लवकर खराब होते. सेटिंगमध्ये 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर उन्हाळाभर ती चालू ठेवा.