बजेट 'वर' चर्चा, पण 'अबाउट' नको: इंग्रजी क्रियापदांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : ऐरोलीच्या आयटी कंपनीत आहे. मेलमध्ये 'वुई विल डिस्कस अबाउट द बजेट' असं लिहिलं, तर मॅनेजरने 'अबाउट' खोडलं. का?

मॅनेजरचं बरोबर आहे. मराठीत चर्चा कशा'वर' तरी होते, म्हणून इंग्रजीतही तिथे काहीतरी हवं असं आपल्याला वाटत राहतं. 'डिस्कस'चं लॅटिन मूळ मात्र 'हलवून सुटं करणं' असं आहे. सुपात तांदूळ पाखडतात, तांदळा'विषयी' कोणी पाखडत नाही. बजेटचंही तसंच, 'डिस्कस द बजेट'.

खरी फसगत पुढे आहे. 'डिस्कशन' हे नाम झालं की 'अबाउट' चालतं. 'रिक्वेस्ट'चंही तेच. 'माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' बरोबर, पण 'आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह' चूक. 'ऑर्डर फॉर टू वडापाव' चालेल, 'आय ऑर्डर्ड फॉर टू वडापाव' नाही. मेल पाठवण्याआधी तो शब्द नाम आहे की क्रियापद, एवढं बघा. ऑफिसच्या मेलमधल्या निम्म्या चुका इथेच सापडतील, असं मला तरी वाटतं.

प्रश्न : 'आय रीच्ड टू ठाणे' असं मी कायम म्हणतो. मुलगी हसते. मग 'अराइव्ह'चं काय?
— वाचक, कळवा

ठाण्या'ला' पोहोचलो, त्यातल्या 'ला'चं तुम्ही 'टू' केलंत. 'रीच'ला काहीच लागत नाही, 'आय रीच्ड ठाणे'. 'अराइव्ह'ला लागतं, पण 'टू' कधीच नाही. स्टेशन असेल तर 'ॲट', शहर असेल तर 'इन'. म्हणजे 'अराइव्ह्ड ॲट ठाणे स्टेशन', पण 'अराइव्ह्ड इन ठाणे'. घरी आलात तर मात्र नुसतं 'होम', दोन्ही क्रियापदांना.

'अराइव्ह' म्हणजे मुळात काठाला लागणं, लॅटिनमधल्या 'काठ' या शब्दावरून. खाडीकाठच्या माणसाने हे मुलीला ऐकवावं. हसायची ती थांबणार नाही, पण विषय बदलेल.

प्रश्न : रिक्षातून उतरताना 'गेट डाउन' म्हणायचं की 'गेट ऑफ'?
— वाचक, नेरूळ

रिक्षा आणि कारला 'गेट आउट ऑफ', बस आणि लोकलला 'गेट ऑफ'. आत उभं राहून चालता येतं का, ही खूण धरा. (संध्याकाळच्या ठाणे लोकलमध्ये चालता येत नाही, तरी नियम तोच.) बाइकवर ही खूण चालत नाही, तिथे 'गेट ऑफ'च. 'गेट डाउन' आपल्याकडे सगळ्यांना कळतं. इंग्लंडमधल्या माणसाला मात्र तुम्ही शिडीवरून उतरताय असं वाटू शकेल.

प्रश्न : दहावीत आहे. 'अँग्री ऑन', 'मॅरीड विथ' यांवर लाल रेघ येते, 'डिपेंड ऑन'वर येत नाही. नियम काय?
— विद्यार्थिनी, वाशी

एक असा नियम नाही गं, आणि मराठीतही कुठे आहे? आपण आईला घाबरतो, आईवर रागावतो, आईशी भांडतो आणि पुन्हा आईकडेच पैसे मागतो. आई एकच, पण 'ला', 'वर', 'शी', 'कडे' सगळं येऊन गेलं. हे तुला कोणी तक्ता लावून शिकवलं नाही, कानावर पडून बसलं. इंग्रजी तेवढी कानावर पडत नाही, म्हणून वहीत शब्द एकटा लिहू नकोस. 'अँग्री विथ मदर', 'मॅरीड टू अ डॉक्टर', 'अफ्रेड ऑफ डॉग्ज' असे जोडीनेच लिही.

आणि कधीकधी दोन भाषा आपोआप जुळतात. 'अवलंबून'मधला 'लंब' म्हणजे लोंबणं. 'डिपेंड'चा लॅटिन अर्थही खाली लोंबणं. तरी दोन्हीकडे 'वर' आणि 'ऑन'! लोंबणारी वस्तू कशाच्या 'वर' कशी, हे कोणालाच विचारू नकोस. पेपरात 'डिपेंड्स ऑन' लिही आणि पुढच्या प्रश्नाला लाग.