कोंबडीच्या डोक्याला मार लागलाय? आधी तिला वेगळं करा

ताई, पहिलं काम म्हणजे तिला आत्ताच खुराड्यातून बाहेर काढा. रक्त दिसलं की बाकीच्या कोंबड्या तिथेच टोचत राहतात. आमच्या धायरीच्या घरी तासाभरात रुपयाएवढी जखम तळहाताएवढी झाली होती, तेव्हापासून मी यात क्षणभरही थांबत नाही.

खोक्यात जुना टॉवेल अंथरा, अंधारी शांत जागा द्या. उबेसाठी दिवा एकाच बाजूला लावा, म्हणजे उकडलं तर तिला सरकता येईल. जखम सलाईनने हलक्या हाताने धुवा. हळद मात्र भरू नका, खाली किती खोल आहे ते दिसत नाही. पावसाळ्यात माश्या असतात, जखमेत एका दिवसात अळ्या पडू शकतात. खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा बांधाच.

चोचीत पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. बोट बुडवून चोचीच्या कडेला एक थेंब लावा, ती स्वतः गिळेल. गिळायला लागली की अंड्याचा उकडलेला बलक पाण्यात कालवून द्या.

मान वाकडी झाली, तोल जातोय, तर मेंदूला सूज असू शकते. पशुवैद्यांकडे न्या, सूज उतरवायचं औषध तेच वजन पाहून देतील. माणसांची वेदनाशामक गोळी अजिबात नको. आणि जखमच नसताना मान वळली असेल तर राणीखेत या कोंबड्यांच्या संसर्गजन्य रोगाची शंका घ्या, इतर कोंबड्यांना हात लावण्याआधी हात धुवा.

मान सरळ व्हायला कधी कधी आठवडे लागतात. रोज उचलून चोच पाण्याजवळ न्यावी लागते. आमची तशीच सावरली.