वाचकांचे प्रश्न : वेरूळ-अजिंठ्याची एका दिवसाची सहल

दिवाळी झाली की वेरूळ-अजिंठ्याकडे जाणाऱ्या गाड्या वाढतात आणि आमच्याकडे येणारी पत्रंही. त्यांतल्या निवडक प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत.

आम्ही सहा जण छत्रपती संभाजीनगरला दोन रात्री मुक्कामाला आहोत. एका टूरवाल्याने अजिंठा, वेरूळ, दौलताबाद आणि बीबी का मकबरा असं सगळं एका दिवसात दाखवतो म्हणून सांगितलंय. जमेल का? (एक वाचक, सांगली)

गाडी फिरून येईल, तुमचं बघणं मात्र होणार नाही. अजिंठ्याची लेणी शहरापासून साधारण १०० किलोमीटरवर, फुलंब्री-सिल्लोडच्या रस्त्याला. वेरूळ दुसऱ्याच दिशेला, ३० किलोमीटरवर. सकाळी सातला निघालात तर फर्दापूरच्या फाट्यावर पोचायला साडेनऊ-दहा होतात. खासगी गाडी तिथेच उभी करावी लागते आणि पुढचे ४ किलोमीटर एसटीच्या बसने जायचं असतं. शनिवार-रविवारी या बसच्या रांगेत जाताना आणि येताना अर्धा-अर्धा तास सहज मोडतो. छापील कार्यक्रमपत्रिकेत हा तास कुठेच दिसत नाही आणि सगळं गणित तिथेच चुकतं. पायऱ्या चढून पहिल्या लेण्याशी पोचेपर्यंत साडेदहा-अकरा. लेण्यांना घाईघाईत म्हटलं तरी तीन तास हवेत. जेवून परत शहरात येईपर्यंत संध्याकाळचे सहा होतात आणि वेरूळ तर सूर्यास्ताला बंद होतं.

म्हणून दोन दिवस करा. एक पूर्ण दिवस अजिंठ्याला. दुसऱ्या दिवशी वेरूळ आणि दौलताबाद. दौलताबाद वेरूळच्या वाटेवरच, शहरापासून १५ किलोमीटरवर आहे, त्यामुळे तिथे वेगळी फेरी पडत नाही.

वार ठरवताना एवढं पक्कं ध्यानात ठेवा : अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. साहजिकच सोमवारी सगळी गर्दी वेरूळला लोटते आणि मंगळवारी अजिंठ्याला. त्यात वेरूळच्या लेण्यांशेजारी घृष्णेश्वर आहे. श्रावणातला सोमवार असेल तर गाडी लावायलाच तास जातो. बुधवार ते शुक्रवार हे दिवस त्यातल्या त्यात मोकळे.

एसटीने जाणाऱ्यांसाठी एक सूचना. अजिंठा गाव वेगळं आणि लेणी वेगळी. गाव घाटाच्या वर आहे, लेण्यांचा फाटा घाट उतरल्यावर फर्दापूरजवळ. तिकीट काढतानाच वाहकाला ‘लेणी फाटा’ असं सांगा. ‘अजिंठा’ एवढंच म्हणालात तर गावात उतरवतील आणि पुढे दुसरी गाडी शोधत बसावं लागेल.

मागच्या खेपेला गाईडने कैलास लेणं वीस मिनिटांत उरकलं. या वेळी नीट पाहायचं आहे. किती वेळ ठेवावा आणि कुठून सुरुवात करावी? (एक वाचक, नागपूर)

फक्त कैलासाला दोन तास ठेवा आणि ते दुपारनंतरचे ठेवा. वेरूळचा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सगळ्या दर्शनी बाजू सावलीत असतात. ऊन कलायला लागलं की उजेड समोरून आत येतो आणि मूर्तींचे उठाव डोळ्यांत भरतात. बहुतेक सहली सकाळी आल्या आल्या थेट १६ नंबरच्या लेण्यात, म्हणजे कैलासात, घुसतात. तुम्ही सकाळी आधी ३० ते ३४ ही जैन लेणी करा. ती मुख्य भागापासून दीडेक किलोमीटर लांब आहेत आणि म्हणूनच बहुतेकांची राहून जातात. ३२ नंबरच्या इंद्रसभेचा वरचा मजला आणि तिथलं छतातलं कमळ चुकवू नये. तिथून परतून १० नंबरचं विश्वकर्मा लेणं पाहा. त्याच्या छताला दगडातच लाकडी तुळयांसारख्या फासळ्या कोरल्या आहेत, म्हणून लोक त्याला ‘सुतार का झोपडा’ म्हणत आले. मग जेवण आणि दोनच्या सुमाराला कैलास.

आत गेल्यावर लगेच मूर्ती मोजायला लागू नका. आधी अंगणात उभं राहून मागच्या कड्याकडे मान वर करून पाहा. साधारण २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद असा हा खड्डा आहे, मागचा कडा शंभर फुटांच्या वर जातो. कारागिरांनी डोंगराच्या माथ्यावरून तीन बाजूंनी चर खणत खाली आणले, मध्ये दगडाचा एक प्रचंड ठोकळा सुटा ठेवला आणि तो शिखरापासून पायाकडे कोरत आणला. बांधकामात पाया आधी आणि कळस शेवटी, इथे उलटं. चुकून जास्त दगड निघाला तर तो परत जोडायची सोय नाही. हे आधी मनात बसलं की पुढच्या प्रत्येक खांबाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

हे मंदिर राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या नावावर आहे, आठव्या शतकातलं. बडोद्याला सापडलेल्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात याचं वर्णन आहे. हे आपण कसं घडवलं याचं खुद्द घडवणाऱ्यालाच नवल वाटलं, असं त्यात म्हटलंय. गाईडला हा ताम्रपट माहीत असेल तर तुमचा गाईड चांगला आहे असं समजा.

फिरण्याचा क्रम असा ठेवा. दारातून शिरताच समोर गजलक्ष्मी. दोन्ही बाजूंच्या अंगणात एकेक अखंड दगडी हत्ती आणि एकेक ध्वजस्तंभ. मग मंदिराला उत्तरेकडून फेरी सुरू करू नका, आधी दक्षिणेला वळा, कारण दुपारनंतर तिथे सावली लवकर भरते. भिंतीवर रामायणाचे पट्टे आहेत आणि पुढे खाली रावण कैलास हलवतो आहे तो प्रसंग. इथे किमान दहा मिनिटं थांबा. रावणाचे हात पंख्यासारखे पसरलेले आहेत आणि तो खोल कोनाड्यात, अंधारात आहे. वर पार्वती शंकराला बिलगते आहे, मागे एक दासी घाबरून पळते आहे. शंकर मात्र निवांत. डोंगर खालून हलतोय हे वरच्या माणसांच्या अंगांवरून कळतं, असं हे शिल्प आहे. पुढे मागची ओवऱ्यांची रांग करून उत्तरेला आलात की महाभारताचे पट्टे आणि गंगा-यमुना-सरस्वतींचं छोटं लेणं. शेवटी पायऱ्या चढून वर सोळा खांबांच्या मंडपात जा आणि छत पाहा. मध्यभागी नटराज आहे. काही ठिकाणी जुन्या पांढऱ्या गिलाव्याचे तुकडे अजून चिकटलेले दिसतील. एके काळी हे सगळं गिलावा करून रंगवलेलं होतं, म्हणूनच त्याला ‘रंगमहाल’ असंही नाव पडलं.

अधिकृत गाईड कसा ओळखायचा? दर कसे ठरतात? (एक वाचक, ठाणे)

परवानाधारक गाईडकडे केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाचं किंवा पुरातत्त्व खात्याचं फोटोसह ओळखपत्र असतं. ते बघायला मागण्यात संकोच नको, खरा गाईड स्वतःहून दाखवतो. दर अर्धा दिवस की पूर्ण दिवस आणि गटात माणसं किती यांवर ठरतात. परगावी नेत असाल तर प्रवासाचा भत्ता निराळा. सहा जण असाल तर ‘पाच जणांपर्यंत’चा टप्पा ओलांडता, हे आधीच विचारून घ्या.

पैशाइतक्याच तीन गोष्टी आधी बोलून ठेवाव्यात. भाषा मराठीच हवी, हे. कोणकोणती लेणी दाखवणार ते नंबरांसह. आणि वाटेत दुकानात थांबायचं की नाही. पैठणी आणि हिमरू या दोन्ही मराठवाड्याच्या अभिमानाच्या कला आहेत, हातमाग चालताना अवश्य पाहावा. पण तो वेळ लेण्यांच्या वाट्यातून जाऊ नये. दुकानात गेलेली चाळीस मिनिटं संध्याकाळी दौलताबादच्या बंद दारापाशी आठवतात.

बसमधल्या चाळीस जणांमागे एकच गाईड असेल तर अजिंठ्याच्या अरुंद लेण्यात मागच्यांना काही ऐकू येत नाही. दहा-बारा जणांनी मिळून वेगळा गाईड करणं परवडतं.

अजिंठ्याची चित्रं मोबाईलवर काळीच येतात. फ्लॅश का चालत नाही? आणि आत इतका अंधार का ठेवतात? (एक वाचक, पुणे)

ही चित्रं ओल्या चुन्यावरची नाहीत. दगडावर माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. म्हणजे रंग भिंतीत मुरलेला नाही, वर बसलेला आहे. उजेड, श्वासाचा दमटपणा, वटवाघळं, किडे, सगळ्यांनी त्याला इजा होते. एका फ्लॅशने काही होत नाही असं वाटतं, पण दिवसाला किती मोबाईल निघतात ते तिथे उभं राहून पाहा. पूर्वीच्या काळी चित्रं टिकावीत म्हणून त्यांवर वॉर्निश आणि लाखेचे थर दिले गेले. तेच पुढे पिवळे-तपकिरी पडले. आज चित्र मळकट दिसतं त्याचं हेही एक कारण.

डोळ्यांना वेळ द्या, बाकी काही लागत नाही. उन्हातून आत आल्यावर दोन-तीन मिनिटं नुसतं उभं राहा, मोबाईलचा पडदा बघू नका. पडदा पाहिला की बुबुळ पुन्हा आकसतं आणि पहिल्यापासून सुरुवात. मग १ नंबरच्या लेण्यात गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या हाताला पद्मपाणी बोधिसत्त्व हळूहळू उमटतो. आधी मुकुट, मग खाली वळलेल्या पापण्या, मग हातातलं निळं कमळ. उजवीकडे वज्रपाणी आहे. काही गाईड बुद्धमूर्तीवर तीन बाजूंनी उजेड टाकून चेहऱ्याचे तीन भाव दाखवतात. पाहायला छान आहे, पण आत ठरावीक माणसांना ठरावीक वेळच सोडतात आणि तो वेळ त्यात संपू देऊ नका.

वेळ कमीच असेल तर १, २, १६, १७ ही चित्रांसाठी, १९ आणि २६ शिल्पांसाठी आणि १० नंबर जुनेपणासाठी. २६ मध्ये डाव्या हाताला बुद्धाचं महापरिनिर्वाण आहे, सुमारे सात मीटर लांब. १७ नंबरला सगळ्यांत जास्त वेळ द्या, जातककथा, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी, तिथेच सर्वांत भरगच्च आहेत.

आई ७२ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. अजिंठा झेपेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

बस जिथे सोडते तिथून लेण्यांच्या पातळीपर्यंत खड्या पायऱ्या आहेत, खरा त्रास तोच. तिथे डोली मिळते. दर जाऊन-येऊन मिळून ठरवा आणि थांबण्याचा वेळ त्यात धरलाय का ते विचारा, नाहीतर परतताना वाद होतो. वर गेल्यावर वाट बरीचशी सरळ आहे, पण मध्ये मध्ये पायऱ्या येतातच. आईंना १, २, १६, १७ दाखवून माघारी फिरा, २६ पर्यंत ओढू नका. चित्रांच्या लेण्यांत पादत्राणं बाहेर काढावी लागतात. वाकून लेस सोडायला लागणार नाहीत अशी चप्पल आणि पायात मोजे असू द्या, उन्हाळ्यात दगड पोळतो. त्यांच्यासाठी वेरूळ जास्त सोपं. कैलासाचं अंगण सपाट आहे.

दौलताबाद किल्ल्यातली अंधारी, म्हणजे तो काळोखा भुयारी मार्ग, मुलांना नेण्यासारखी आहे का? (एक वाचक, परभणी)

सहा-सात वर्षांपुढची मुलं असतील तर जरूर न्या. आतल्या पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या आहेत, वळणं अवघड आहेत. शत्रूची पावलं चुकावीत म्हणूनच ती तशी केली. वटवाघळांच्या विष्ठेने दगड निसरडा होतो. एक हात भिंतीला, एक मुलाच्या हातात आणि विजेरी पायांवर. किल्ला सकाळी उघडल्या उघडल्या करा. माथ्यापर्यंत जाऊन यायला अडीच-तीन तास लागतात आणि वर वाटेत पाणी मिळेल याच्या भरवशावर राहू नका. वेरूळ करून दुपारी तीनला इथे येणाऱ्यांना अंधारीच्या अलीकडूनच परतावं लागतं.

शाळेची सहल अजिंठ्याला नेतो आहोत. मुलांचं लक्ष टिकेल असं काय दाखवता येईल? (एक शिक्षिका, जळगाव)

जळगावहून लेणी साधारण ६० किलोमीटर, तुम्हाला दिवस पुरतो. १५ वर्षांखालच्या मुलांना पुरातत्त्व खात्याचं तिकीट नाही, फाट्यावरच्या बसचं मात्र वेगळं लागतं, ते हिशेबात धरा. खाऊ बसमध्येच खाऊन घ्या, वानरं हातातली पिशवी ओढतात. कड्याला आग्या मोहोळं असतात, दगड मारणं, आरडाओरडा, अत्तर-स्प्रे हे सगळं कडक बंद.

दाखवायला दोन गोष्टी. १ नंबरच्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरली आहेत आणि चौघांना मिळून डोकं एकच. कुठल्याही हरणाकडे पाहिलं की ते डोकं त्याचंच वाटतं. मुलांना नुसतं ‘शोधा’ म्हणा. दुसरी १० नंबरच्या लेण्यात. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि त्याने खांबावर आपलं नाव व तारीख कोरली. ते अक्षर मोठ्या माणसाच्याही डोक्याच्या वर आहे. तेव्हा लेण्यात कित्येक फूट दगडमातीचा थर होता आणि तो त्यावर उभा होता. पुढे तो थर काढला, नाव वर राहिलं. ज्या खांबावर त्याने कोरलं त्यावर रंगवलेली जुनी आकृती होती, ती त्या रेघांनी खरवडली गेली आहे. हेही मुलांना तिथेच दाखवा. आणि आज संरक्षित स्मारकावर असं काही केलं तर कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं, हेही सांगा.